सावलीबाईंचा डावा हात

सावलीबाईंना मारबतीच्या दिवशी हाकललं. पोळ्याचा दुसरा दिवस, सकाळच्या पाळीचा भोंगा नुकताच वाजलेला, आणि पॅकिंग हॉलच्या दारात गार्डने त्यांना अडवून सांगितलं, "मावशी, तुमचं नाव नाही आज यादीत." तिकडे शहरात लोक मारबतीचा पुतळा वेशीबाहेर नेत 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडत होते. शहराला सुट्टी होती, कंपनीला नव्हती. कंपनीने आपली पीडा कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत काढली.

हे आधी लिहिलं, कारण आम्ही पत्रकं काढणारी माणसं. कोणावर अन्याय झाला आणि कधी, हे पहिल्या ओळीत आलं नाही तर पानठेलेवाला त्यात खर्रा बांधून देतो आणि संपलं. पण सावलीबाईंबद्दल लिहायला बसले की पत्रक पुरत नाही. आणि दुसरी एक अडचण आहे. या हकिकतीत आणखी एका बाईवर अन्याय झालाय, आणि तो कधी झाला ते मला लिहिता येत नाही. कंपनी सांगत नाही.

कंपनी म्हणजे कन्हानच्या रस्त्यावरची जुनी मसाल्याची कंपनी. तुमच्या आजीच्या मांडणीतही तिचं तिखट होतं, तुमच्याही आहे. बारावीनंतर मी तिथे कंत्राटावर लागले. पहिल्या दिवशी सावलीबाईंपुढे उभी राहून मी शाळेत सांगतात तसं नाव-आडनाव सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझे दोन्ही हात धरले, पालथे केले, उताणे केले, बोटं वाकवून पाहिली. मग म्हणाल्या, "नाव राहू दे. हात बरे हायेत." त्या माणसाला हातावरून ओळखायच्या. कॅन्टीनमध्ये कोणी मागून ताट पुढे केलं की मान न वळवता म्हणायच्या, "काय वं शीला, आज उशीर?"

त्यांचं शिकवणं म्हणजे एवढंच, की नवीन बाईने त्यांच्या मागे उभं राहायचं. फळा नाही, सूचना नाहीत. "माह्या मांगं उभी राह्य. बोलू नको, विचारू नको. माह्या अंगासंगं तुहं अंग हालू दे." मागे उभ्या राहणारीला सगळा हॉल 'सावली' म्हणायचा, म्हणून त्या सावलीबाई. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. आठ-पंधरा दिवसांत असं व्हायचं, की त्या वळल्या की तुम्ही वळलेल्या असायच्या, त्यांनी श्वास घेतला की तुमची छाती भरायची. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला गरगरलं होतं. आपण आपल्या अंगात आहोत की नाही, अशी शंका यायची.

काम सोपं होतं. तिखट भरलेल्या पाकिटाचं तोंड दोन्ही हातांनी ताणून धरायचं आणि मशीनचा गरम जबडा मिटायच्या आत सोडून द्यायचं. उजवा हात लगेच पुढच्या पाकिटाकडे जायचा. डावा हात मात्र वर उठायचा, छातीला टेकायचा, क्षणभर तिथे थांबायचा आणि खाली यायचा. या उठण्याला काहीही कारण नव्हतं. त्याने पाकीट बंद होत नव्हतं की तिखट सांडायचं थांबत नव्हतं. पण हॉलमधल्या सगळ्या बायकांचा हात उठायचा. हॉलच्या टोकावरून सगळं एकदम दिसायचं. तोंडाला फडकी बांधलेल्या बायका, आवाज फक्त मशीनचा, हवेत लाल धूळ, आणि जबडे मिटले की सगळ्यांचे डावे हात एकदम छातीशी. कोणाच्या डोळ्यांत काही नाही. त्यांना माहीतच नव्हतं हात उठतोय ते.

माझा हात पहिल्यांदा आपोआप उठला तेव्हा सावलीबाई मागे न बघता बोलल्या, "आली ती."

"कोण, मावशी?"

"आली तुह्या हातात. आता तुले मी नाही पायजे." आणि मला वेगळं मशीन दिलं.

मी भुताखेतांना मानत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात अंगारा-धुपारा बंद आहे. पुढे मी ते काम सोडलं, चळवळीत आले. आता पत्रकांना पिना मारते. उजव्या हाताने स्टेपलर दाबला की डावा हात छातीशी जातो. आमच्या चळवळीतला प्रफुल्ल चिडवतो, "काय वं, दर पत्रकाले शपथ घेऊन राहिली का?" मी म्हणते, "तू पिना मार गा गुपचूप." दुसरं काय म्हणणार?

काम सोडल्यावरही मी सावलीबाईंना धरून होते. एकदा त्यांच्याबरोबर लकडगंजला गेले होते, त्यांना घरासाठी पत्र्याची पेटी घ्यायची होती. एका दुकानाची मालकीण दुपारचं शटर ओढत होती. आमच्याकडे पाठ. शटर खाली आदळलं आणि तिचा डावा हात छातीशी गेला. सावलीबाई जागीच थांबल्या. "ही आपल्या हॉलची," म्हणाल्या. मी पुढे होऊन विचारलं, ताई, तुम्ही मसाल्याच्या कंपनीत होता का? बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मी काहून राहीन जी? मी तं कधी पाय नाही ठेवला तिथं." मग शटरला कुलूप लावत, "माही माय होती. मी पोटात असतानी." आम्ही पेटी न घेताच परत आलो. बसमध्ये सावलीबाई आपला डावा हात उजव्या हातात धरून बसल्या होत्या.

त्यानंतरच, एका रणरणत्या दुपारी, कन्हानच्या स्टॉपवर त्यांनी मला सांगितलं. त्या स्वतः ज्या म्हातारीच्या सावलीत शिकल्या, तिने डोळ्यांनी पाहिलेलं. हॉलमध्ये पहिलं मशीन आलं तेव्हा त्यावर गिरजा नावाची बाई होती. पाकीट अडकलं म्हणून तिने डावा हात आत घातला, आणि कोणीतरी मशीन चालू केलं. तिला गेटबाहेर नेलं, जबडा पुसला, आणि त्याच दुपारी लाइन परत सुरू केली. गिरजा त्याच उन्हाळ्यात घरी वारली. "म्हातारी तिच्या बाजूलेच उभी होती," सावलीबाई म्हणाल्या. "जबडा मिटला का तिचा हात आपल्या आपण छातीशी ये. मंग तिच्या सावल्याईचा. मंग माहा. मंग तुहा."

मी विचारलं, आडनाव काय होतं? गाव? "कोणालेच माहीत नाही वं. गिरजा, एवढंच." आणि याच सावलीबाई मला पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, नाव राहू दे.

आता कंपनीच्या नव्या ट्रेनिंग सेंटरबद्दल. कंपनीने काचेची खोली बांधली. पुण्याहून एक सर आले, हातात कॅमेरा. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसांवर पत्रक लिहिणं सोपं असतं. त्यांनी हॉलचं चित्रण केलं, ते भरभर फिरवून पाहिलं आणि हसू लागले. "मावशी, तुम्ही सगळ्या मशीनला सलाम करता की काय?" मग गंभीर झाले. ही हालचाल वाया जाते, म्हणाले, ही काढून टाकू. यापुढे मुली फिल्म बघून शिकतील, आणि फिल्ममध्ये तुम्हीच असाल, सगळ्या शाखांत दिसाल. सावलीबाई तयार झाल्या. का होणार नाहीत? आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना 'ट्रेनर' म्हणत होतं.

पण कॅमेऱ्यासमोर हात उठायचा. सर म्हणायचे, मावशी, खाली. त्या म्हणायच्या, हो जी सर. आणि हात उठायचा. शेवटी सरांनी त्यांच्या डाव्या मनगटाला नायलॉनची पारदर्शक दोरी बांधली, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, आणि दुसरं टोक टेबलाच्या कडेला. हात पाकिटापर्यंत पोचायचा, छातीपर्यंत नाही. फिल्म झाली. सर खूश.

ती फिल्म काचेच्या खोलीत हॉलमधल्या बायकांना दाखवली तेव्हा सावलीबाई पहिल्या रांगेत होत्या. पडद्यावर चेहरा नव्हता, फक्त गळ्याखालचं अंग आणि दोन हात. हात शहाण्यासारखे चालत होते. पण जबडा मिटला की प्रत्येक वेळी डावा खांदा उसळत होता, पाण्याखालून कोणी वर यायला बघतंय तसा. सावलीबाई उठल्या आणि पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याच अंगावर त्यांचं अंग हलत होतं. खाली त्यांचा खरा हात छातीशी, वर पडद्यावरचा बांधलेला. शीला मला म्हणाली, आम्हाले कोणता हात पाहावा समजे ना. "हे बंद करा जी," सावलीबाई म्हणाल्या. "पोरीयले हे दाखवू नका." सर म्हणाले, मावशी, बसा. त्या बसल्या नाहीत. पुढे पोळा आला, आणि मारबतीच्या दिवसाचं मी सांगितलंच आहे.

मी कन्हानला त्यांच्या घरी गेले. त्या ओट्यावर बसून मनगट चोळत होत्या. मनगटावर वळ नव्हता, काही नव्हतं. मी आमच्या पद्धतीने सुरू झाले: नोटीस न देता काढलं, आपण लेबर ऑफिसात जाऊ, गेटवर बसू. त्यांनी ऐकून घेतलं.

"मले परत घेतलं तं बरंच हाये. पण आधी ते फिलम बंद कर. त्यात मी नाही वं. त्यात तिले बांधलं हाये."

"मावशी, असं काही नसतं."

"नसते. मलेबी माहीत हाये, नसते," त्या शांतपणे म्हणाल्या. "मंग तुहा हात काहून उठते?"

चळवळीत आम्हाला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शिकवतात. याचं शिकवलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही गेटवर पत्रकं वाटायला गेलो. दुपारची जेवणाची सुट्टी होती. नव्या पोरी कुंपणाच्या कडेला रांगेत जेवत होत्या, सगळ्या काचेच्या खोलीत फिल्म बघून शिकलेल्या. जुन्या बायकांना दुसऱ्या पाळीत टाकलंय, त्यामुळे या पोरींनी कोणाचाच हात उठताना कधी पाहिलेला नाही. जेवण झालं. डब्यांची झाकणं लागू लागली, खट, खट, खट. आणि प्रत्येक खटक्याला एकेक डावा खांदा उसळला.

मी एकीला विचारलं, "खांद्याले काय झालं वं?"

"काही तं नाही दीदी. काहून?"

"आत्ता उडला ना."

शेजारची खिदळली. "हिचा उडते दीदी! मी रोज चिडवतो हिले. माहा नाही उडत." असं म्हणत तिने स्वतःच्या डब्याचं झाकण दाबलं, आणि तिचाही खांदा उडाला. तिला कळलं नाही.

रांगेच्या शेवटी एक बारीक पोरगी होती. तिने झाकण लावलं, खांदा वर गेला, आणि त्यामागून हात मांडीवरून उठला. पोटापर्यंत आला. तिथे थांबला, दोरी ताणल्यासारखा. दोरी नव्हती. ती पोरगी आपल्या हाताकडे बघत राहिली, दुसऱ्या कोणाचा असावा तशी.

आता भुताचं सोडा, मशीनचं ऐका. हॉलमध्ये हल्ली नवं मशीन आलंय, त्याच्या जबड्यावर झाकण आहे, म्हणून ते सुरक्षित, असं कंपनी म्हणते. पण पूड अडकली की झाकण उघडायचं, साफ करायचं, परत लावायचं, यात वेळ जातो. म्हणून झाकण उघडंच ठेवून लाइन चालवतात. पोरींनीच सांगितलं, हसत हसत. आणि या पोरींना जी फिल्म शिकवते ती काय शिकवते? जबडा मिटताना खांदा पळतो, छातीशी निघून जाणारा हात तिथेच राहतो. एक गिरजा झाली. दुसरी त्या कुंपणाच्या कडेला बसून डबा खाते आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, वाचून बाजूला ठेवू नका. स्वयंपाकघरात जा, तिखटाचं पाकीट हातात घ्या, त्याची वरची दाबलेली कडा बोटाने चाचपा. तिथे जबडा मिटलेला आहे. मग येत्या सोमवारी, सकाळच्या पाळीच्या भोंग्याला, कन्हानच्या रस्त्यावर कंपनीच्या गेटसमोर या. ती फिल्म बंद करा, झाकण लावल्याशिवाय मशीन चालवू नका, सावलीबाईंना हॉलमध्ये परत घ्या आणि काचेच्या खोलीच्या भिंतीवर गिरजाचं नाव लिहा, हे आमच्याबरोबर मोठ्याने म्हणा. आडनाव नसलं तरी चालेल. फलक आणू नका, झेंडा आणू नका. भोंगा वाजला की काय करायचं, ते तुम्हाला कोणी शिकवायची गरज पडणार नाही. फक्त डावा हात मोकळा ठेवून या.