वऱ्हाडातली दोन गोल्फची मैदानं आणि भाऊजींचा चेंडू

भाऊजी पुण्यात निवृत्त झाले आणि ताईनं माहेरी, अमरावतीला, राहायला यायचं काढलं. भाऊजींची अट एकच होती: कुणालाही खेळता येईल असं गोल्फचं मैदान जवळ हवं. तेव्हा मार्चमधल्या एका सकाळी आम्ही तिघं माझ्या गाडीतून मैदानं बघायला निघालो. मला गोल्फमधलं काही कळत नाही. पण ताई परत यावी असं फार वाटत होतं, म्हणून टाकी भरून घेतली.

पहिलं मैदान अमरावतीबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. खरा खेळ खड्ड्याभोवतीच्या मऊ हिरवळीवर ठरतो, असं भाऊजींनी वाटेत समजावलं होतं. आम्ही खड्ड्यापाशी पोचलो तर तिथे दोन बाया खुरपी घेऊन बसलेल्या आणि भोवती नुसती माती.

"इथली हिरवळ कुठे गेली?" भाऊजींनी विचारलं.

"थे गवत? निंदून टाकलं," त्यातली मोठी म्हणाली. "लय माजलं होतं."

"अहो, ते मुद्दाम लावलं होतं."

"गवत काहून (कशाला) लावीन कोनी? आमाले पानी द्यायले ठेवलं होतं. पन तनाले पानी कोन देते?"

काम चोख झालं होतं, एक काडी उरली नव्हती. भाऊजी गाडीत जाऊन बसले. बडनेऱ्याला आम्ही गिला वडा (दही-चटणीत भिजलेला वडा) खाल्ला. भाऊजींनी दोन प्लेटी संपवल्या, पण वऱ्हाडाबद्दल एक चांगला शब्द काढला नाही.

दुसरं मैदान अकोल्याजवळ, युसूफभाईंचं. त्यांचं अकोल्यात, जठारपेठेत, कापडाचं दुकान आहे आणि गावाबाहेर शेत. कापूस वेचून झाला की ते पऱ्हाट्या (कपाशीची झाडं) उपटतात, खड्डे करून झेंडे लावतात आणि येईल त्याला खेळू देतात. पावसाळ्यात पुन्हा कपाशी.

"गवत?" भाऊजींनी जपून विचारलं.

"नाही ना, साहेब. वावर आहे."

भाऊजींनी खिशातून जुना चेंडू काढला. एका फटक्यात खड्ड्यात गेलेला तो चेंडू. नव्या मैदानावर पहिला फटका ते शकुन म्हणून त्यानंच मारतात. फटका छान बसला. चेंडूनं दोन टप्पे घेतले आणि काळ्या मातीच्या भेगेत शिरला. भाऊजींनी पालथं पडून खांद्यापर्यंत हात घातला. ताई बाभळीखाली उभी राहून बघत होती. झालं, आता पुणंच, मला वाटलं.

युसूफभाई शेजारी उकिडवे बसले. "काहून परेशान होता, साहेब? मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) पयले वखर (माती उकरायचं बैलाचं अवजार) फिरवतो, तवा निंगते वर. मागच्या साली बी निंगाले. ज्याचा त्याले देल्ला."

"माझा कसा ओळखाल?"

"तुमीच या ना. वखरामागं चाला."

भाऊजी उठले. शर्टाची माती त्यांनी झटकली नाही.

परतताना मूर्तिजापूर मागे पडलं. मग भाऊजी मला म्हणाले, "घर बडनेऱ्याच्या बाजूला बघ. अकोल्याला जायला बरं. आणि सामान मिरगाच्या आधी लागलं पाहिजे. वखर माझ्यासाठी थांबणार नाही."

मी आरशात पाहिलं. ताई खिडकीकडे तोंड करून रडत होती. मला इतका आनंद झाला की बडनेऱ्याचं वळण चुकलं.

तुलना करायची तर पहिल्या मैदानावर गवत राहत नाही, दुसऱ्यावर चेंडू. पुण्यात म्हणे दोन्ही राहतात. ताई मात्र आता इथे राहते.