आंघोळ करून या

फिस्स. फिस्स.

रिसेप्शनवरच्या मुलीने ड्रॉवरमधून बाटली काढली आणि काकीच्या दिशेने दोनदा मारली. मोगऱ्याचा वास सुटला. काकीला वाटलं, औषध आहे. तिने डोळे मिटून घेतले आणि काकांना अजून जवळ ओढलं. त्यांनाही लागावं म्हणून.

काकांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. डावा हात लोंबत होता. मासळी बाजारात काकीला बर्फ द्यायला आले आणि तिथेच कोसळले. काकी टोपली तशीच टाकून उठली होती. हाताला खवले, लुगड्याला पाणी. मी कामावरून धावत पोचलो आणि आम्ही दोघांनी काकांना रिक्षातून उतरवून या खाजगी हॉस्पिटलात आणलं. सगळ्यात जवळचं तेच होतं.

आतून डॉक्टर आले. हॉस्पिटल त्यांचंच. आमच्याकडे बघितलंच नाही. त्या मुलीला म्हणाले,

"यांना बाहेर बसव. एसी आहे इथे, वास बसतो. आंघोळ करून या म्हणावं, मग बघू."

आणि मी काय म्हणालो?

"सॉरी सर."

माझ्या छातीवर बिल्ला होता. त्यावर लिहिलेलं, 'रुग्णांचा हक्क, आमची जबाबदारी'. खाली समितीचं नाव. असा बिल्ला लावलेल्या माणसाने सॉरी म्हटलं. तेही इंग्रजीत, म्हणजे डॉक्टरांना नीट समजावं.

हे सगळं एका मोठ्या काचेच्या टाकीशेजारी चाललं होतं. टाकीत मासे. केशरी, पट्ट्यापट्ट्यांचे, शेपट्या हलवत मजेत फिरणारे. टाकीच्या मागच्या भिंतीवर रुग्ण हक्क सनद टांगलेली. तातडीच्या रुग्णाला आधी उपचार द्यावेच लागतात, हे तिच्यात छापलेलं असतं. सनद दर्शनी भागात लावायचा नियम आहे. लावली होती. माशांना वाचता येईल अशी.

काकी माझी सख्खी नव्हे. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात आमच्या घराला लागून तिचं घर, भिंत एकच. माझी आई गेल्यावर माझं जेवण तिच्याच चुलीवर झालं. मी गोखिवऱ्याला एका गाळ्यात कामाला आहे, प्लास्टिकची झाकणं बनवतो. तिथे कुणी विचारलं, कुठे राहतो, तर मी सांगायचो, "वसई वेस्ट." पुढे कुणी विचारलं की मला खोकला यायचा. सकाळी निघताना दोनदा साबण लावायचो. एकदा वासाचा, एकदा त्याहून वासाचा.

शाळेत बाई मला कायम खिडकीजवळ बसवायच्या. मला वाटायचं, मी हुशार म्हणून उजेडात बसवतात. आईलाही तसंच सांगितलं होतं. तिने गल्लीभर सांगितलं. सातवीत गेल्यावर कळलं, वारा माझ्याकडून बाहेर जावा म्हणून.

ती सॉरी तिथली होती. खिडकीजवळची.

आम्ही काकांना पुन्हा रिक्षात घातलं, सरकारी दवाखान्याकडे निघालो. वाटेत काकी म्हणाली, "पानी दे रं पोरा, व्हट सुकलंत यांचं." माझी बाटली गाळ्यात राहिली होती. दवाखान्याच्या दारातच तिथल्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मान हलवली. ती मान आमच्याकडे बघून हलवली, एवढं त्यांचं देणं लागतो.

आमची समिती म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. अध्यक्ष जोसेफ सर, निवृत्त शिक्षक. चंदनसारची एक शिवणकाम करणारी ताई. मी. आणि जमेल तसे येणारे दोघं-तिघं. आमचं काम एकच. बसणं. कुणाच्या घरचं माणूस दवाखान्यात अडकलं आणि फोन आला की आमच्यातला एक जण जाऊन त्या लोकांशेजारी बसतो. ओरडायचं नाही, काच फोडायची नाही. बसायचं आणि विचारायचं. हे इंजेक्शन कसलं? ही सही कशावर? मराठीत सांगता का? शेजारी कुणीतरी बसून विचारतंय म्हटलं की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो.

त्या दिवशी मी बसलोच नाही. उभ्या उभ्या सॉरी म्हणालो आणि बाहेर पडलो.

काकीने तक्रार केली. सरांनी ती लिहून दिली. हॉस्पिटलने उत्तर दिलं, असा रुग्ण आमच्याकडे आणलाच नव्हता. कॅमेऱ्याचं चित्रण उपलब्ध नाही. म्हणजे उरली काकी, आणि तिच्या बाजूने बघणारा, ऐकणारा एकच साक्षीदार. मी. चौकशीची सुनावणी सोमवारी लागली.

आणि त्याच्या आदल्या आठवड्यात आम्हाला पुरस्कार लागला.

एका प्रतिष्ठानाचं पत्र आलं. रुग्णांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या स्वयंसेवी समित्यांचा गौरव. मानचिन्ह, शाल, श्रीफळ, स्नेहभोजन. मी पत्र हातात घेऊन गाळ्यात नाचलो. सर मात्र नेहमीसारखे शांत. म्हणाले, "मानचिन्ह कपाटात जाईल रे. पण गेटवरचा वॉचमन आपल्या बिल्ल्याला हसतो. पुरस्काराचा फोटो दाखवला तर आत तरी सोडेल." मला ते पटलं. खरं तर मला पत्र बघूनच सगळं पटलं होतं.

पत्रात शेवटी होतं, सोबत एक लाभार्थी आणावा.

मी काकीकडे गेलो.

"मी कशाला?" काकी म्हणाली. "माजा मानूस गेला. माजा कसला लाभ?"

"अगं, नुसतं बसायचंय. एसी हॉल आहे. जेवण आहे."

"येशीत घेतील मला?"

मी हसलो. मला वाटलं, काकी विनोद करतेय. समारंभाच्या दिवशी तिने बाजार ठेवला नाही, टोपली घरीच. सकाळी आंघोळ केली, दुपारी पुन्हा केली. काका असताना घेतलेलं, घडी न मोडलेलं लुगडं नेसली. मी ब्लेझर घातला. तो आळीतल्या बँडवाल्या मित्राचा. खांद्यावरची सोनेरी झालर त्याने उसवून दिली होती, पण भोकं राहिली होती. हात वर केला की बाही कोपरापाशी यायची. म्हणून मी हात वर करायचा नाही, असं ठरवलं होतं.

हॉलच्या दारात नटलेल्या मुली गुलाबपाणी शिंपडत होत्या. आमच्यावरही शिंपडलं. काकीने डोळे मिटले. अगदी तसेच.

"औषध नाहीये गं काकी."

"ठावं हाय," ती म्हणाली. डोळे उघडायला तिला वेळ लागला.

आत गेलो आणि स्टेजवर बघितलं. मधल्या उंच खुर्चीत ते डॉक्टर. पत्रात फक्त 'मान्यवरांच्या हस्ते' होतं. मान्यवर म्हणजे हे. प्रतिष्ठानही त्यांच्याच मेहुण्याचं, हे मागच्या रांगेतल्या माणसाने सांगितलं, पापड खाता खाता.

मी सरांचा हात धरला. "सर, उठू या."

सर घाबरले होते. पहिल्यांदा बघितलं मी त्यांना घाबरलेलं. "आता उठलो तर तमाशा होईल. सोमवार तोंडावर आहे. शांतपणे घे आणि खाली ये."

काकीने पदर नाकावर धरला होता. स्वतःचा वास घेऊन बघत होती.

आमचं नाव पुकारलं. सरांचे गुडघे दुखतात, म्हणून मी वर गेलो. डॉक्टरांनी शाल घातली. घालताना तोंड माझ्या कानाशी आणलं.

"सोमवारचं समंजसपणे घ्या. तुम्ही सज्जन आहात. त्या दिवशी सॉरीसुद्धा म्हणालात, मला आठवतंय. हसा आता, फोटो चाललाय."

म्हणजे रुग्ण आणलाच नव्हता, पण सॉरी आठवत होती.

आणि मी हसलो. कुणी हस म्हटलं की माझं तोंड माझ्या आधी हसतं.

निवेदिकेने माइक पुढे केला. "समितीच्या कामातला एखादा अनुभव?"

आता मला किस्से सांगता येतात. ही माझी एकच विद्या. चहाच्या टपरीवर, गाळ्यात, मयताच्या बसमध्येसुद्धा लोक म्हणतात, सांग रे एखादा. खिडकीजवळचा किस्सा मी इतक्या वेळा सांगितलाय की माझी मलाच मजा वाटते. फिस्स फिस्सचाही तसाच झाला होता. रडायचं नसेल तर माणूस काय करणार? तर माइक हातात आला आणि डोकं रिकामं झालं. भीतीने, रागाने, कशाने ते देव जाणे. तोंड सुरू झालं. जे रोज सांगतं तेच सांगायला लागलं.

खिडकी सांगितली. हॉल हसला. फिस्स फिस्स सांगितलं, हाताने करून दाखवलं, बाही कोपरापर्यंत गेली. अजून हसले. माशांना वाचता येईल अशी सनद सांगितली. टाळ्या पडल्या. आणि मग मी मान वाकवून, आवाज बारीक करून, म्हटलं, "सॉरी सर!"

हॉल फुटला. डॉक्टर पोटावर हात ठेवून हसत होते. शेजारच्यांना सांगत होते, छान बोलतो हा.

मी समोर बघितलं. सगळे दात दिसत होते. मधे एका खुर्चीत काकी. डोळे मिटलेले.

मी थांबलो. लोकांना वाटलं, आता पुढचा विनोद.

"तो माणूस मेला," मी म्हटलं.

हसणं एकदम थांबत नाही. मागच्या रांगांना उशिरा पोचतं, उशिरा विझतं. मी वाट बघितली.

"आंघोळ करून या म्हणणारे डॉक्टर हेच. आत्ता शाल घातली ते."

माइक गेला. खट्कन.

पाचूबंदरच्या माणसाचा माइक बंद करून काय मिळवणार? वाऱ्यात, लाटांत, बोटीवरच्या माणसाला किनाऱ्यावरून हाक मारणाऱ्या बाईच्या पोटचा मी. ती हाक मी वसई वेस्टच्या खाली दाबून ठेवली होती. ती वर आली. मलाच धक्का बसला, एवढी मोठी होती.

"त्या दिवशी मी सॉरी म्हणालो होतो. ती मी परत घेतोय. सोमवारी हेच बोलणार आहे. तुम्ही हसलात, म्हणजे तुम्ही पण ऐकलंय!"

दोन तगड्या माणसांनी मला दंडाला धरून खाली आणलं. ब्लेझरची शिवण गेली. खरं तर मी शाल काढून डॉक्टरांच्या पायाशी टाकायला हवी होती. कुणालाही सुचलं असतं. मला नाही सुचलं. शाल पांघरूनच बाहेर आलो. रिक्षात बसल्यावर काकी पहिलं वाक्य बोलली, "ती आधी काड."

काढली.

मग ती म्हणाली, "तुला सांगता येतं म्हनून मी तुला साक्षीदार केला. हसवाया नाय."

मी शालीची घडी घालत राहिलो.

"ते रिक्षात मरत हुते ना, तवा मी ह्या बाजूला बसलेले. अशीच. त्यात हसन्यासारखं काय हुतं, मला सांग."

मला सांगता आलं नाही. किस्से सांगणाऱ्याला.

हे झालं शनिवारी. रात्री फोटो सगळ्या ग्रुपवर आला. डॉक्टर, मी, शाल, आणि माझं हसू. खाली मजकूर, 'गैरसमज दूर, समितीकडून डॉक्टरांचे आभार'. माझ्या बोलण्याचं चित्रण कुणीच टाकलं नाही. हॉलमध्ये इतके फोन वर होते, तरी. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या ओळखीच्या दोघांना मी फोन केले. एक म्हणाला, माझ्या सासऱ्यांची अँजिओग्राफी तिथेच आहे हो. दुसऱ्याने उचललाच नाही. गाळ्याच्या मालकाने आज रविवार असूनही बोलावून विचारलं, तू वसई वेस्टचा ना? मग हे कोळीवाड्याचं काय? मी म्हटलं, पाचूबंदरचा आहे, कोळीच आहे. खोकला आला नाही. तो म्हणाला, सोमवारी सुट्टी मिळणार नाही. गेलास तर परत येऊ नकोस.

सर घरी आले होते. मान खाली. म्हणाले, "तो फोटो ते पुढे ठेवतील. त्यातलं तुझं हसूही दाखवतील. तू साक्षीला न आलास तर बरं, असं एक मत आहे."

"कुणाचं?"

सर चपला शोधू लागले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

जिंकू, असं मला वाटत नाही. काकीलाही वाटत नाही. खोलीत तिकडे वकील असतील, फोटो असेल, इकडे आम्ही दोघं. आम्ही जाऊन बसणार. आणि या वेळी मी एकही किस्सा सांगणार नाही. तिने कसे डोळे मिटले ते सांगेन. जवळ पाण्याची बाटली नव्हती ते सांगेन. जसं झालं तसं.

संध्याकाळी काकी भिंतीपलीकडून म्हणाली, "उद्या बाजार नाय ठेवत. आंघोळ करून तेच लुगडं नेसते. हापिस हाय ते."

मी उठून तिच्या दारात गेलो.

"नको," मी म्हटलं. "बाजार ठेव. उरकून सरळ ये. टोपली घेऊन."

"आनि तू?"

"मी पहाटे धक्क्यावर बोटीतली मासळी उतरवायला जातोय. तिथून तसाच येईन."

"साबन?"

"नाही."

काकीने घडी घातलेलं लुगडं पुन्हा पेटीत ठेवलं. धुवायला म्हणून काढलेली टोपली ओढली आणि तशीच दाराशी उलटी करून ठेवली. न धुता.

सुनावणीची खोली एसी आहे म्हणे. वास बसतो. बसू दे.