कोच याव यांचं लायसन्स आलं

आज पोस्टाच्या पेटीत आलेलं: विम्याचं एक पत्र, आणि कोच याव यांचं कोचिंगचं लायसन्स. रजिस्टर होतं, पाचशे बैसा भरून सोडवलं.

कोच जाऊन तीन आठवडे झाले.

तुमच्यापैकी बरेच जण त्यांना ओळखता. इथे मस्कतमध्ये, दार्सैतला आमच्या बिल्डिंगमागच्या मातीच्या मैदानावर संध्याकाळी आपल्या मुलांना फुटबॉल शिकवायचे ते. घाना देशाचे. दिवसा गोडाऊनमध्ये सुपरवायझर. झोपेतच गेले, हार्टचं झालं. कंपनीने त्यांना घरी पोचवलं.

त्यांच्या खोलीला पोस्टाची पेटी नव्हती, म्हणून फॉर्मवर आमच्या पेटीचा नंबर दिला होता. माझ्या ओंकारचे बाबा दिसले की कोच विचारायचे, "भाईसाब, मेरा कुछ आया?"

आलं.

मला अजून रडू आलेलं नाही. पाकीट देवापुढे ठेवलं आणि पोळ्या केल्या.

कोच तिकडे कुमासी शहरात मोठ्या क्लबातून खेळायचे. डाव्या बाजूचे डिफेंडर. खाबुऱ्याकडच्या एका क्लबाने त्यांना इकडे ओमानला आणलं. दोन सीझन खेळले आणि गुडघा गेला. क्लबवाले म्हणाले, खलास. मग एका अर्बाबने, म्हणजे इथल्या मालकाने, व्हिसा दिला आणि गोडाऊनात लावलं.

आईला मात्र सांगितलं की क्लबातच आहे.

ते अगदीच खोटं ठरू नये म्हणून असेल, किंवा राहवलं नाही म्हणून असेल, पण संध्याकाळी मैदानावर मुलं जमवायला लागले. मैदानात खुणेला ठेवायचे कोन विकत कशाला आणायचे, मी लबानच्या, म्हणजे ताकाच्या, रिकाम्या बाटल्यांत वाळू भरून दिली. त्या अजून आमच्या जिन्याखाली आहेत.

पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येक मुलाला विचारलं, तुझा जन्म कोणत्या वारचा? त्यांच्याकडे ज्या वारी जन्म, त्या वाराचं नाव. याव म्हणजे गुरुवारचा.

सगळ्या आया मोबाईलमध्ये शोधायला लागल्या. मी पटकन म्हटलं, सोमवार. पत्रिका तोंडपाठ आहे. ओंकारचा कोजो झाला.

सुजाताताई म्हणाल्या, आम्ही बाई पत्रिका काढत नाही, पण मंगळवारच. त्या दिवशी गावचा बाजार होता आणि दवाखान्यात जायला एक रिक्षा मिळेना. त्यांचा सिद्धार्थ झाला क्वाबेना.

टीममध्ये सोमवारचे तिघे निघाले. कोचनी "कोजो" अशी हाक मारली की तिघेही जागा सोडून धावायचे.

ओंकारचे बाबा गॅलरीतून म्हणायचे, "कोच, हे फुटबॉल आहे की पंचांग?"

कोचना मराठीचं अक्षर कळायचं नाही, पण सगळ्यात आधी तेच हसायचे.

माझा गुरुवारचा उपवास असतो. एकदा बॉलची पिशवी ठेवायला वर आले तेव्हा बशीत साबुदाण्याची खिचडी दिली. म्हणाले, "भाभी, इतना छोटा फुटबॉल?"

मग एक घास खाल्ला.

म्हणाले, "ये तो मेरा मदर का है."

मला वाटलं, उगाच कौतुक करतात. ओंकारच्या बाबांनी मोबाईलवर बघितलं. साबुदाणा ज्या कंदाचा, तोच कंद त्यांची आई उखळात कुटायची. इतकी वर्षं उपास करते, मला माहीत नव्हतं. त्यानंतर गुरुवारची एक बशी त्यांची.

लायसन्सच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले होते. पेपर इंग्लिशमध्ये, लिहायची सवय सुटलेली. ओंकारसोबत आमच्या टेबलावर बसून अभ्यास केला. दुसऱ्यांदा पास. खाबुऱ्याच्या त्याच जुन्या क्लबाने लहान मुलांच्या टीमसाठी बोलावलं होतं, कार्ड आलं की जॉइन व्हा म्हणून.

मी म्हटलं, आता तरी आईला सांगा.

"कार्ड हाथ में आने दो भाभी. फिर फोटो नहीं, मैं खुद जाके देगा."

आता कशासाठी लिहिते आहे ते सांगते.

कोचच्या आईला शवपेटीसोबतच्या कागदांवरून कळलं की मुलगा गोडाऊनमध्ये होता. तिला वाटतंय, सगळंच खोटं सांगितलं. तिकडे अंत्यविधी उशिरा करतात, लोक जमवून. माणसाच्या आयुष्याची पुस्तिका छापतात आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात. कोचच्या पुस्तिकेत एवढंच लिहिलंय की फुटबॉल खेळला, मग मस्कतला गोडाऊनमध्ये काम केलं. छपाईला अजून गेलेली नाही.

त्यांचे रूममेट क्वामे यांच्याकडून हे समजलं. ओंकारने आज त्यांच्यामार्फत लायसन्सचा फोटो पाठवला. त्यांच्याकडे मामाचा शब्द शेवटचा. मामांचं उत्तर आलं, "फोनवर आजकाल काहीही बनवता येतं. खरं असेल तर कागद येऊ दे."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

कुरियरवाले घर नंबर मागतात. कोचच्या तिकडच्या घराला नंबर नाही. चर्चच्या मागे निळं दार, एवढंच क्वामेंना माहीत. म्हणजे आपण नेहमी करतो तसंच, जाणाऱ्याच्या हाती.

आज गुरुवार. खिचडी केली होती. सवयीने दोन बशा काढल्या गेल्या.

कोच, तुमचं आलं. नाव बरोबर छापलंय, खाली फोटो आहे, शर्टाचं वरचं बटण लावलेला.

दत्तगुरू तुम्हाला जवळ घेवोत.

मस्कत, दुक्म, सोहार, कुठूनही आपल्यापैकी किंवा ऑफिसमधलं कुणी येत्या आठवड्यात घानाला जाणार असेल, तर पाकीट मी स्वतः एअरपोर्टवर आणून देईन. वजन काहीच नाही. निळ्या दाराशी त्यांचे मामा घ्यायला येतील.

कृपा करून उलट टपाली कळवा.

— ओंकारची, म्हणजे कोजोची आई