खाली तलाव आहे

सिहोऱ्याच्या गिरजाबाईंना गाव सोडायचं नव्हतं. नवरा गेल्यापासून मुलगा भुपेंद्र भंडाऱ्याला बोलवत होता आणि त्या दर वेळी एकच विचारत होत्या, "तिथं पोहू कुठं?" गावच्या तलावात उतरल्याशिवाय त्यांची सकाळ होत नसे. आळीतल्या निम्म्या मुली पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांच्याकडेच पोहायला शिकल्या होत्या.

मग एकदा भुपेंद्रचा फोन आला. "नवीन फ्लॅट भाड्यानं घेतला, आई. खाली तलाव आहे."

"शिंगाडे लावते का कोणी?"

"तसा नाही. निळं पाणी आहे. पहिले आंघोळ करा लागते, मंग उतरा लागते."

"आंघोळ करून आंघोळीले? शहाणेच आहेत तुमचे लोक."

त्या हसल्या, आणि त्या हसण्यातच कबूल झाल्या. सिहोऱ्याचं घर कुंताबाईच्या कुटुंबाला भाड्यानं दिलं. पिशवीत पोहायचं जुनं लुगडं सगळ्यात वर ठेवलं.

पहिल्याच सकाळी ते घेऊन त्या खाली गेल्या. पाणी खरंच निळं होतं. तळाच्या फरशा दिसत होत्या. चौकीदार जागेश्वर खुर्चीवरून उठला.

"काकू, भाडेकरूयले मनाई आहे. मालक लोकायसाठीच आहे हे."

"माझ्या पोराले मालूम नसन."

"त्यायले घर पाहाले आले तेव्हाच सांगतलं होतं." तो जरा घुटमळला. "म्हणाले, चालते. आमच्या घरी कोणी पोहत नाही."

गिरजाबाई वर आल्या. भुपेंद्र ऑफिसला निघायला बूट घालत होता.

"आपल्या घरी कोणी पोहत नाही म्हणे."

लेस बांधता बांधता त्याचे हात थांबले. "तू आली नसती, आई. या वयात एकटी पाण्यात उतरते. एखाद दिवशी आम्हाले नुसता फोन आला असता."

"भेव वाटे तं भेव म्हणाचं होतं. तलाव काहून म्हटलं?"

त्यानं राहिलेली लेस बांधली. दार हळूच ओढून गेला.

दुपारी त्यांनी सिहोऱ्याला फोन लावला. "कुंताबाई, तुमच्या पोरीयले पोहता येते का?"

"नाही जी."

"माळ्यावर वाळके भोपळे आहेत. काढून घ्या. मागच्या दारातून तलावाची वाट आहे."

"बरं जी. तुमच्याकडंही तलाव आहे म्हणे? भुपेंद्रभाऊ सांगत होते."

कोरडं लुगडं गिरजाबाईंच्या मांडीवरच होतं.

"आहे नं," त्या म्हणाल्या. "खिडकीतून दिसते."