तेल आधी, तोंड नंतर

बादलीतले अर्धे टॉवेल पिळून दोरीवर गेले होते, अर्धे अजून साबणाच्या पाण्यात बुडालेले. सलूनचे टॉवेल ते. केसांच्या रंगाचे डाग पडलेले, कितीही घासा, हट्ट न सोडणारे. आत्याला मात्र ते आवडायचे. "माझ्यावर गेलेत," म्हणायची.

तशी ती भावाच्या दोन मुलांची आत्या. पण होता होता साऱ्या गल्लीची आत्या झाली, आणि वहिनीसुद्धा मुलांच्या तोंडाने तिला आत्याच म्हणे. त्याआधी लोक तिला सिस्टर म्हणत. ऐन उमेदीची कितीतरी वर्षं ती कॉन्व्हेंटमध्ये धर्मभगिनी होती. कायमची व्रतं घ्यायची वेळ आली तेव्हा नीट विचार करून, प्रार्थना करून बाहेर पडली. कुणाशी भांडली नाही, कुणाच्या प्रेमात पडली नाही. लोकांना खटकलं ते हेच. एखादं चटकदार कारण दिलं असतं, तर सगळ्यांनी तिला कधीच माफ करून टाकलं असतं.

त्या दिवशी राखेचा बुधवार होता, उपवासकाळाचा पहिला दिवस. चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून येऊन ती तशीच टॉवेलांना भिडली होती. कपाळावर राखेचा क्रूस.

"सलूनला जाताना ते पुसाल ना, आत्या?" वहिनी दारात येऊन म्हणाली. "मागच्या वर्षी मालकीणबाई किती बोलल्या."

"गिऱ्हाइकाला आरशात आधी तेच दिसतं, म्हणाल्या. मी म्हटलं, मग आरसा झाका."

"आणि चर्चमधल्या पहिल्या बाकावरच्या बाई विचारत होत्या, तुमची नणंद यंदा उपवासकाळात काय सोडणार म्हणून."

"त्यांना सांग, एकदा काय सोडलं तर इतकी वर्षं तुम्हाला चघळायला पुरलं. आणखी काही सोडलं तर तुम्हालाच पचायचं नाही."

वहिनी हसू दाबत आत गेली. आत्याही हसली, पण सकाळचं प्रवचन तिच्या घशाशी अडकून होतं. फादर पाचारणावर बोलले होते. देव एकेकाला कसा हाक मारतो ते सांगता सांगता, नांगराला हात घालून मागे वळून पाहणारा देवाच्या राज्याला लायक नाही, या येशूच्या बोलापाशी आले. त्याबरोबर पुढच्या बाकांवरच्या दोन-तीन माना हळूच तिच्याकडे वळल्या. वा रे वा, तिच्या मनात आलं, मागे पाहणारी मी, आणि माना यांच्या वळतायत! मी मागे पाहिलं नाही. शेत बदललं.

तेवढ्यात फोन वाजला. कॉन्व्हेंटच्या गेटवरची सिस्टर, तिची जुनी मैत्रीण, कुजबुजत होती.

"म्हाताऱ्या मदरच्या केसांचा पार गोळा झालाय गं, उशीवर घासून घासून. नर्स म्हणते दुपारी मशीन फिरवून टाकू. मदर डोक्याला हात लावू देत नाहीत. लहान मुलासारख्या रडतात."

"आले मी."

"अगं, पण नव्या सुपिरिअरचा नियम..."

"ठाऊक आहे. आले."

टॉवेल बादलीतच राहिले. तिने मोठ्या दातांचा कंगवा, कात्री आणि तेलाची बाटली पिशवीत टाकली आणि निघाली.

या मदरनीच तिची वेणी कापली होती, ती कॉन्व्हेंटमध्ये आली तेव्हा. पुढे त्यांनीच तिच्या हातात कात्री दिली. सिस्टर एकमेकींचे केस कापतात. हळूहळू ते काम तिचंच झालं. एकदा घाईत तिने कुणाची तरी मागची बाजू तिरकी कापली. वरून शिरोवस्त्रच यायचं, कोण बघतंय! मदरनी तिला परत उभं केलं. "झाकलेलंही बघणारा आहे. सरळ काप." हे एक वाक्य घेऊन ती बाहेर पडली आणि त्यावरच आजवर तिचं पोट चाललं होतं. बेसिनवर मान टाकून बायका सख्ख्या बहिणीला सांगणार नाहीत ते तिला सांगत. ऐकलेलं तिथल्या तिथे पाण्याबरोबर जाई. "फादरांनी ऐकली नसतील इतकी पापं माझ्या मोरीतून वाहून गेलीत," ती वहिनीला म्हणे. पण एकाही पापाचं नाव कधी सांगितलं नाही.

नव्या सुपिरिअर, कॉन्व्हेंटच्या प्रमुख, व्हरांड्यातच आडव्या आल्या. कडक बाई, पण कपटी नव्हे.

"नियम माहीत आहे ना? सोडून गेलेल्यांनी पार्लरच्या, पाहुण्यांच्या खोलीच्या, पुढे यायचं नाही. आत व्रतं घ्यायला आलेल्या नव्या मुली आहेत. गेलेली हसतखेळत ये-जा करायला लागली तर त्यांना काय वाटेल?"

"वाटेल, देव कुंपणाबाहेरही आहे."

"तुम्ही पाचारण सोडलंत."

"झगा सोडला, सिस्टर. हाक अजून ऐकू येते. आज तर फोनवर आली."

सुपिरिअरची नजर तिच्या कपाळावर गेली. "आजचं शुभवर्तमान ऐकलंत ना? येशू म्हणतो, उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना दाखवू नको. आणि तुम्ही ही राख गावभर मिरवताय."

आत्याने पिशवीतून तेलाची बाटली काढली. "तेच करायला आलेय. तेल आधी लावते, तोंड नंतर धुते."

"आत सोडणार नाही."

"नका सोडू. पार्लरमध्ये बसायची परवानगी आहे ना? मग बसते. मदरना इकडे आणायला तर नियम आड येत नाही? त्या काही सोडून गेलेल्या नाहीत."

ती आत जाऊन पाहुण्यांच्या खुर्चीवर ऐसपैस बसली. सुपिरिअर हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. गेटवरच्या सिस्टरने मौन म्हणजे संमती असं सोयीने धरलं आणि चाकांची खुर्ची ढकलत मदरना घेऊन आली.

मदर तिला ओळखत नव्हत्या. डोक्यावर हात दाबून बसल्या होत्या. आत्याने तळहातावर तेल घेतलं, आधी त्यांच्याच बोटांना लावलं, चोळलं, उगाच काहीबाही बोलत राहिली. बोटं सैल पडली. मग तिने टोकाकडून सुरुवात केली. बट धरायची, मुळाशी चिमटीत घट्ट पकडायची म्हणजे ओढ लागत नाही, आणि कंगव्याचा एकच दात घालायचा. गोळा पिंजल्या कापसासारखा सुटत गेला. नव्या मुली दारात गोळा झाल्या. त्यांना कुणी हाकललं नाही. सुपिरिअर भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात, कुणी दिला देव जाणे, टॉवेल होता.

शेवटी तिने कात्री उचलली तेव्हा मदर एकाएकी म्हणाल्या, "सरळ काप."

"सरळच कापतेय, मदर."

पुढ्यात येऊन ती वाकली, बाजू सारख्या झाल्या का पाहायला. मदरनी तिच्या तोंडाकडे बघितलं, तेलकट अंगठा उचलला आणि तिच्या कपाळावरून फिरवला, पोरीचं तोंड पुसावं तसा. एकदा, दोनदा. राख गेली. मालकिणीसाठी पुसली नव्हती, सुपिरिअरसाठी पुसली नव्हती. आत्या हलली नाही. डोळ्यांतलं पाणी मात्र तिने स्वतःच पुसलं, कोपराने.

"झालं ना मनासारखं?" आत्या पिशवी भरत असताना सुपिरिअरनी विचारलं.

"केस वाढतात, सिस्टर, आणि गुंता रोजचाच. शुक्रवारी येते. बसेन पार्लरमध्येच, नियमाने."

"दुपारी या," सुपिरिअर म्हणाल्या. "सकाळी इथे ऊन नसतं."

घरी बादलीत टॉवेल वाट बघत होते, पण तेलाची बाटली पार रिकामी झाली होती. आत्या गेटबाहेर पडली आणि तेल आणायला कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळली.