दुसऱ्यांदा विचारलं तर

कंधारवाला आमच्याकडं कामाला लागला तेव्हा त्याला पंपाच्या कंट्रोलरची वायर धड जोडता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो. मी जळून बोलतोय असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू दे. जळतच होतो.

नांदेडात आमच्या मालकांची सौर पंपांची एजन्सी आहे. पॅनल बसवायचे, विहिरीत मोटर सोडायची, बिघाड झाला की गावोगाव पळायचं, हे काम मी तिथं पहिल्यापासून करतोय. हिमायतनगरच्या बाजूला जा नाहीतर मुदखेडच्या, माझ्या हातचा पंप नाही असं गाव सापडायचं नाही. आणि हा पठ्ठ्या काय करायचा? बांधावर बसायचा, चहा प्यायचा. "काका, आता तुम्ही बटन दाबा, मी बघतो," म्हणायचा. अर्ध्या तासाच्या कामाला अख्खी दुपार घालवायचा. तरी ऑफिसात फोन यायचे ते ह्याच्याच नावानं. लई गोड बोलतंय म्हणे पोरगं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. गोड बोलून मोटर चालती काय?

मग लातूरला शाखा काढायचं ठरलं. तिथं प्रमुख म्हणून मीच जाणार, हे मी घरी सांगूनही बसलो होतो. पोरीला अकरावीला लातूरलाच घालायचं होतं. मी तिकडं गेलो असतो तर ती होस्टेलला न राहता आमच्यात राहिली असती. बायकोनं तर खोल्या कुठल्या भागात बघायच्या तेही ठरवलं होतं.

मालकांनी कंधारवाल्याला पाठवलं.

मी तडक केबिनमध्ये गेलो. बसलोसुद्धा नाही. माझ्या कामात कुठं खोट आहे ते दाखवा म्हणालो. मालक म्हणाले, काम तुमचं एक नंबर, पण शाखा बोलण्यावर चालते, गिऱ्हाईक कुणाला मागतंय ते बघावं लागतं. मग जरा हसले. "आता राग मानू नका. मागच्या महिन्यात तुमच्या वडिलांचाबी फोन होता. त्यालाच पाठवा म्हणत होते."

वडिलांच्या मुदखेडच्या शेतातला पंप मी स्वतः बसवलेला. तसाच उठलो आणि गाडीला किक मारली. मुदखेड येईपर्यंत डोक्यात दुसरं काही नव्हतं.

वडील लिंबाखाली बसले होते. मोटर बंद होती. मी सरळ कंट्रोलरची पेटी उघडायला गेलो.

"हात लावू नको," वडील म्हणाले. मग मला समजावून सांगायला लागले. विहिरीत पाणी खाली गेलंय, मोटर स्वतःला जपून राहिली, पाणी चढलं की आपोआप चालू होईल. शब्द न् शब्द त्या कंधारवाल्याचा, आणि माझ्या बापाच्या तोंडात. माझाच धंदा मलाच शिकवून राहिले होते.

मी भडकलो. पोटचा पोरगा असताना तुम्ही परक्याला फोन करता? त्याला असं काय येतं जे मला येत नाही?

वडील जमिनीकडं बघत होते. "तुला समदं येतंय बाबा," ते म्हणाले. "पर तुला दुसऱ्यांदा विचारायचं म्हनलं की भ्याव वाटतंय."

मग त्याला तरी किती वेळा विचारलं होतं, मी म्हणालो.

"मोजलं न्हाई," वडील म्हणाले. "त्यानं बी मोजलं न्हाई."

थोड्या वेळानं मोटर आपोआप चालू झाली. वडील उठून पाण्याकडं गेले. मी तिथंच उभा राहिलो. घरी जाऊन पोरीला होस्टेलचं सांगायचं होतं. ते कसं सांगायचं, हेही आता त्या कंधारवाल्यालाच विचारावं लागणार की काय, कुणास ठाऊक.