दोशाच्या तव्यावर मासा

आमच्या घरात मासा घराच्या आत शिजत नाही. मटणही नाही. मागल्या अंगणात, धुण्याच्या दगडापलीकडे पत्र्याखाली माझी चूल आहे. तिथली पातेली वेगळी, पळी वेगळी, वाटायचा दगडही वेगळा. ती भांडी उंबऱ्याच्या आत येत नाहीत आणि आतलं भांडं तिकडे जात नाही. माझ्या आईने हे लावून दिलं, वडिलांनी पाळलं आणि मीही पाळत आलो. शिजवायचं पुरुषाने, बाहेर. खायचंही बाहेरच, पत्र्याखाली पाटावर बसून. माझी बायको माळकऱ्याच्या घरातली. तिने जन्मात मासा तोंडात घातलेला नाही. आम्ही जेवायला बसलो की ती नाकाला पदर लावून मागच्या दारात उभी राहायची आणि तिथूनच हात लांब करून भात वाढायची.

हे आधी सांगतोय, कारण त्याशिवाय त्या संध्याकाळी मला काय झालं ते कुणाला कळायचं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे शिकावंसं वाटलं नाही, आणि त्याचं मला काही वाटतही नाही. म्हैसुरात लष्कर मोहल्ल्यात माझं रिक्षाच्या सीटा आणि हुड शिवायचं दुकान होतं. शिवून झालेल्या सीटवर मी नुसता हात फिरवायचो आणि आतला स्पंज कुठे गोळा झालाय ते सांगायचो. डोळे मिटून सांगायचो. गिऱ्हाइकं मजा म्हणून तपासायची आणि गप्प बसायची.

तो हात मागल्या वर्षी गेला. गेला म्हणजे जागेवर आहे, हलतो पण. सकाळी उठलो तर उजवी बाजू जड झालेली. दवाखान्यात ठेवलं, गोळ्या दिल्या, पाय सुधारला, तोंड सरळ झालं. बोटं मात्र बधिर राहिली ती राहिलीच. गरम आणि गार एवढं कळतं, बारीक काही कळत नाही.

आता ज्याला मासा खाता येतो त्याला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. आमच्याकडे एच. डी. कोटे गावाकडून धरणाचा मासा येतो. चवीला त्याच्यासारखा दुसरा नाही, पण काटे केसासारखे. तो डोळ्यांनी बघून खाता येत नाही, बोटांनी खावा लागतो. बोट आधी जातं, काटा सापडतो, मग घास. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच रविवारी मी चूल पेटवली, डाव्या हाताने कसंबसं कालवण केलं आणि पहिल्याच घासाला काटा घशात अडकला. कोरड्या भाताचे गोळे गिळले, केळं गिळलं. शेवटी नातीने गाडी काढून डॉक्टरकडे नेलं.

नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. मुलगा-सून बेंगळुरात असतात. हिला इथे म्हैसुरातच कॉम्प्युटरच्या हापिसात नोकरी लागली, म्हणून ती आमच्याकडे राहते. डॉक्टरकडून परत येताना ती म्हणाली, अज्जा, पुढच्या वेळी मी काटे काढून देते. मी तिला सांगितलं की मी अजून पाळण्यात नाही. दुसऱ्याने काटे काढून दिलेला मासा मी खाणार नाही. साकु, बास. विषय संपला.

चूल तेव्हापासून बंद. मटणाचं पातेलं एका हाताने उतरत नाही, आणि बाहेरून आणलेलं मटण मी खात नाही. ते कुणी धुतलं, कसं धुतलं, कोण जाणे. बायकोच्या हातचं आमटी-भात, भाजी, दोसे सगळं चांगलंच असतं, तिच्या हाताला मी कधी नाव ठेवलेलं नाही. पण माझं जेवणच कमी होत गेलं. घास तोंडात फिरत राहायचा. डॉक्टर म्हणाला, अंगात काही उरलं नाही, हात सुधारायला हवा असेल तर खावं लागेल, निदान अंडं तरी खा. मी त्याला म्हटलं, अंड्याला मी जेवण म्हणत नाही. तो हसला. बायको शेजारीच बसली होती, ती हसली नाही.

मग ती संध्याकाळ. नात हापिसातून आली. मागोमाग एक पोरगा स्कूटरवरून थर्माकोलचा डबा देऊन गेला. मला वाटलं, माझंच काही औषध असेल, थंड ठेवायचं असतं ना, तसलं. बायको आणि ती दोघी आत गेल्या. मी बाहेरच्या खोलीत बातम्या बघत होतो. थोड्या वेळाने आतून चर्र असा आवाज आला आणि वास आला. माशाचा. मी म्हटलं, शेजाऱ्यांकडे काहीतरी चाललंय. तरी वास फारच जवळचा वाटला म्हणून उठलो आणि भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत गेलो.

दारातच थांबलो. 

देव्हाऱ्याला पडदा ओढलेला होता. दिवेलागणीला त्या देव्हाऱ्याला पडदा ओढलेला मी कधी बघितला नव्हता. गॅसपुढे माझी बायको उभी. पदर नाकावरून घेऊन डोक्यामागे घट्ट गाठ मारलेली, दरोडा घालायला निघाल्यासारखी. समोर गॅसवर तवा, आणि तवा कुठला, तर तिचा दोशाचा. तिच्या आईने दिलेला, जाड लोखंडाचा. अर्धा कांदा आणि तेल यांच्याशिवाय त्या तव्याला काही पुसायची कुणाची हिंमत नव्हती. सुनेने एकदा त्यावर ऑम्लेट करायचं म्हटलं होतं, तर दोन दिवस घरात बोलणं नव्हतं. त्या तव्यावर माशाचा एक जाडजूड तुकडा, आणि दोशाच्या उलथण्याने ती तो उलटत होती.

"काय चाललंय?" मी विचारलं. 

"जेवण."

"कुणाचं?"

"तुमचं. पाट नाही मांडलेला, टेबलावर बसा."

मी नातीकडे बघितलं. तिने मान खाली घातली, पण हसत होती ती. मग तिने सगळं सांगितलं. हा ट्यूना. समुद्रातला मोठा मासा, बैलाच्या मांडीसारखं त्याचं अंग, त्यातून असा सरळ तुकडा कापतात. यात काटा नाही, एकसुद्धा नाही. खवलं काढायची नाहीत, वाटण नाही. मीठ-मिरी लावायची, तवा चांगला तापवायचा, दोन मिनिटं ही बाजू, दोन मिनिटं ती बाजू, अष्टे, एवढंच. अज्जीने कितीतरी दिवसांपासून टुमणं लावलं होतं की बिनकाट्याचा मासा असतो का ते बघ. मग नातीने फोनवर शोधलं, कृतीही दाखवली. मी करते म्हणाली, तर अज्जी म्हणाली, तू बाजूला हो. तुझ्या हातचं ते नको म्हणतील. माझ्या हातचं नको म्हणायला त्यांना तोंड नाही.

मी टेबलाशी जाऊन बसलो. दुसरं करणार काय?  इतक्या वर्षांत जिने माशाचं ताट धुवायलाही घेतलं नाही, तिने मासा उघड्या हाताने धरला, मीठ लावलं, तव्यावर ठेवला. हे मला कुणी रस्त्यात सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

ताट आलं. नातीने सुरीने तुकडा कापून ठेवला होता. मी बघितलं आणि दुसरा धक्का बसला. बाहेरून भाजलेला, करडा. आत लाल. कलिंगड कापल्यासारखा लाल.

"हा कच्चा आहे," मी म्हणालो.

नात म्हणाली, असाच खातात अज्जा, जास्त शिजवला तर चिवट होतो.

मी म्हणालो, शिजवला नाही तर काय होतो? अजून थोडं पाणी मिळालं असतं तर हा पोहत गेला असता. मी मासा शिजवण्यात आयुष्य घालवलंय, मला मोबाईलने शिकवू नका. आणि ताट पुढे सारलं.

बायकोने तोंडावरचा पदर सोडला. नातीकडे बघून हळूच विचारलं, खरंच कच्चा राहिला का गं? तिला माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? तिने आयुष्यात काही चाखून केलेलं नाही. जे रांधायचं ते आधी देवाला दाखवायचं, म्हणून हात तोंडाकडे न्यायचा नाही. मीठ हाताच्या अंदाजाने, आमटी वासावरून, भात आवाजावरून. तिचं मीठ कधी चुकलेलं मला आठवत नाही. पण इथे तिच्या हाताला अंदाज नव्हता, आणि वास तर तिने नाक बांधून बंदच केला होता.

मला तेव्हा थांबायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी थांबणारा माणूस नाही. मी म्हणालो, "ज्याची चव ठाऊक नाही ते रांधायला जाऊ नये. कच्चं की शिजलेलं, तुला कसं कळणार?"

 तिने समोरची खुर्ची ओढली आणि बसली. माझ्या आधी ती कधी जेवायला बसत नाही, म्हणून मला वाटलं दमली असेल. तिने हात लांब केला, माझ्या ताटातला एक लालसर तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

 नातीच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तसाच राहिला.

"अगं, थूक," मी म्हणालो. "थूक ते."

ती चावत राहिली. डोळे मिटून, कडू औषध असावं तसा चेहरा करून. कपाळावर घाम आला होता. गिळताना तिची मान हलली, ती मी बघितली. मग डोळे उघडले.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "बाकी शिजलाय."

 बाहेर टीव्हीवरचा माणूस एकटाच बडबडत होता. ही बाई माझ्याकडे लग्न होऊन आली तेव्हा तिच्या वडिलांनी माझ्या वडिलांना एकच गोष्ट मागितली होती, की हिच्यावर कधी बळजबरी करू नका. माझ्या वडिलांनी केली नाही, मीही कधी केली नाही. माशाच्या बाबतीत तिला मी एक शब्द कधी बोललो नाही. आणि आता या वयात, माझ्या समोर, तिने आपण होऊन खाल्ला. माझ्या एका बोलण्यावर.

"कशाला केलंस हे?" मी विचारलं.

"तुम्ही जेवत नाही म्हणून." तिने पाणी मागून घेतलं, घोटभर प्याली. "विजार बघा तुमची. नाडी आवळून आवळून पुढे सगळ्या चुण्या झाल्यात. मी रोज दोरीवर वाळत घालते, मला दिसत नाही का? तुम्ही हट्ट धरून बसणार आणि मी सुम्ने, नुसतं बघत बसायचं?"

मी खाली विजारीच्या चुण्यांकडे बघितलं. 

तिने मिठाचं भांडं पुढे सरकवलं. "आता तुम्ही."

मी मीठ घातलं. बोटं सवयीने तुकड्यात गेली, दाबून बघू लागली. बधिर बोटं, त्यांना काय कळणार, पण जुनी खोड. काटा लागेना. तरी पहिला घास मी जिभेवर धरून ठेवला, गिळायची भीती वाटली. मग गिळला. काही अडकलं नाही. मासा मऊ होता, धरणाच्या माशासारखा मातकट वास नाही, थोडा मटणासारखाच. वरची बाजू करकरीत, मिरीची. आतला भाग गार नव्हता, कोमट होता. वाईट होता असं मी म्हणणार नाही. दुसरा घास घेतला. तिसरा. ती समोर बसून प्रत्येक घास बघत होती, गिळेपर्यंत बघत होती. कुणी बघत असलं की मला जेवण जात नाही. त्या दिवशी गेलं. ताट मी रिकामं केलं, भातही मागून घेतला.

नात म्हणाली, अज्जी, माझा तुकडा अजून फ्रिजमध्येच आहे, मी उपाशी आहे.

बायको उठली. पदर पुन्हा नाकावर बांधला. मी म्हणालो, थांब. आणि मीही उठलो. तिने विचारलं, तुम्ही कुठे? मी म्हणालो, तेल किती तापलं ते तुला नाकाने कळणार नाही, तू नाक बांधलंयस. ओट्याला डावा हात टेकून मी गॅसपाशी उभा राहिलो. त्या ओट्यापाशी मी कधीच उभा राहिलो नव्हतो. माझी जागा अंगणात, तिची आत, असंच ते चाललेलं. दोघं एका विस्तवापुढे असे पहिल्यांदाच.

तेलाचा पहिला धूर निघाला तसं मी म्हटलं, आता टाक. तिने टाकला. मीठ मी लावायला सांगितलं त्याहून तिने चिमूटभर जास्त लावलं होतं, मी बघितलं. मी ‘उलट’ म्हटलं तेव्हा तिने उलटला. मग दोघंही बाजूने वाकून बघत राहिलो. कडेने करडा रंग वर चढत होता आणि मधे लाल पट्टा तसाच होता.

"झाला का?" तिने विचारलं.

नात माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, आता हा म्हातारा तो जाळूनच सोडणार.

"काढ," मी म्हणालो.